पोर्टमध्ये चोर आणि स्टोअवे (लपून फुकट प्रवास करणारे), गँगवेवर (बोटीवर चढायच्या शिडीवर) एकच माणूस असेल तर कसं सांभाळायचं?

डोंबिवलीचा_थर्डमेट

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर विचारतोय, बोटीवर काम केलेल्यांनी प्लीज उत्तर द्या.

पुढच्या आठवड्यात थर्ड मेट (डेकवरचा ज्युनिअर ऑफिसर) म्हणून जॉईन होतोय. सुप्रामॅक्स (मध्यम आकाराची बल्क कॅरिअर) आहे, चार क्रेनची, सध्या मुंबईच्या अँकरेजला कोळसा उतरवतेय, बार्ज भरून धरमतरला जातात ना तो. इथलं काम आटपलं की चितगाव, मग डर्बन आणि पुढे वेस्ट आफ्रिका असं मॅनिंगवाले सांगतायत, बदलूही शकतं.

आता जो थर्ड मेट उतरतोय त्याच्याशी फोनवर बोललो. मागच्या पोर्टमध्ये फॉक्सलवरचा (पुढच्या टोकाच्या डेकवरचा) नवाकोरा मूरिंग रोप (बोट बांधायचा दोर), पेंटचे ड्रम आणि डेकवरच्या फायर हायड्रंटच्या पितळी कॅप एका रात्रीत गेल्या, कोणी आलेलं कोणी पाहिलंच नाही. कॅप गेल्याचं तर सकाळी ड्रिलला होज लावायला गेले तेव्हा कळलं. एसएसओ (बोटीचा सिक्युरिटी ऑफिसर) चीफ मेट आहे पण तो दिवसभर कार्गोत आणि ड्राफ्टमध्ये अडकलेला, त्यामुळे रात्रीचं सगळं ड्युटी ऑफिसरवर म्हणजे माझ्यावर येणार. गँगवेला एक एबी (अनुभवी खलाशी), राउंडला एक ओएस (ज्युनिअर खलाशी), बस.

बोटीच्या सिक्युरिटीचा एसटीएसडीएसडी कोर्स झालाय, आयएसपीएसच्या (बोट आणि बंदर सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय कोड) तीन लेव्हल पाठ आहेत, पण रात्री दोन वाजता बार्ज लागली आणि दादरला लोकल लागल्यावर चढतात तशी पंधरा-वीस माणसं एकदम वर आली तर त्यातला कामाचा कोण आणि उगाच आलेला कोण हे कसं ओळखायचं ते वर्गात कोणी शिकवलं नाही.

दुसरं स्टोअवेचं. सर्च नेमका कधी आणि कसा करायचा, एवढी मोठी बोट मोजक्या माणसांत कशी पालथी घालायची, आणि समुद्रात गेल्यावर कोणी सापडलाच तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. अनुभव असेल ते सगळं लिहा, लांबलं तरी चालेल.

दापोलीचा_बोसन

पोरा, आधी एक लक्षात घे, चोर दोन वाटांनी येतो. एक गँगवेने किंवा बार्जवरून, कामगार बनून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दुसरा पाण्यातून, अँकरच्या चेनवरून नाहीतर मागे स्टर्नला बांबूला हूक लावून. दोघांचा बंदोबस्त वेगळा आहे आणि लोक काय करतात, पाण्याकडे डोळे लावून बसतात आणि गँगवे उघडा टाकतात.

गँगवेचं आधी सांगतो. आमच्या एका बोटीवर चीफ मेटने सुताराकडून साधी लाकडी फळी करून घेतली होती, तिला खिळे ठोकलेले, प्रत्येक खिळ्याला नंबरचा बिल्ला. वर येणाऱ्याने ओळखपत्र दाखवायचं, रजिस्टरला नाव आणि वेळ, बिल्ला घ्यायचा, उतरताना परत खिळ्याला लावायचा. रजिस्टर कोणी रात्री उघडून बघत बसत नाही रे, पण फळीकडे जाता येता नजर जाते, सात नंबरचा खिळा रिकामा म्हणजे एक माणूस अजून बोटीवर आहे आणि काम तर तासापूर्वी संपलंय, मग हा आहे कुठे? लगेच शोधायला माणूस पाठवता येतो. वॉच बदलताना नवीन एबीला नुसतं सब ठीक है म्हणून निघायचं नाही, फळी दाखवायची, किती वर आहेत ते तोंडाने सांगायचं.

बार्जचं काय, बार्जचा सारंग आणि कामगारांचा मुकादम या दोघांशी पहिल्या दिवशीच बोलून घे. किती माणसं वर येणार, कुठल्या हॅचला (माल ठेवायच्या होल्डच्या तोंडाला) काम, जेवण पाणी संडास कुठे. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. कामगारांसाठी डेकवर पाणी आणि टॉयलेटची सोय करून दिली नाही तर माणूस अकोमोडेशनमध्ये (क्रूच्या राहण्याच्या भागात) शिरणारच, त्याला दोष देऊन उपयोग नाही, आणि एकदा दार उघडं राहिलं की त्याच दारातून दुसराही शिरतो. अकोमोडेशनला एकच दार चालू ठेव, बाकी सगळी आतून बंद. पण नीट ऐक, बंद म्हणजे आतल्या माणसाला हाताने, चावीशिवाय उघडता आली पाहिजेत. एका बोटीवर स्टीअरिंग गियरच्या एस्केप हॅचला बाहेरून कुलूप ठोकलेलं बघितलंय मी, उद्या इंजिन रूमला आग लागली असती तर खालची पोरं तिथेच राहिली असती. चोराच्या भीतीने आपल्याच माणसाची वाट बंद करायची नाही.

आता पाण्याचं. अँकरला असताना हॉज पाइपचं (ज्यातून अँकरची चेन बाहेर जाते) झाकण लावून आवळून घ्यायचं, अँकर वॉशचं पाणी अधूनमधून चालू ठेवायचं, चेनवर चढणाऱ्याला ते सहन होत नाही. जास्तीचे रोप डेकवर गुंडाळून ठेवायचे नाहीत, सरळ खाली स्टोअरला आणि कुलूप. पितळ म्हणशील तर हायड्रंटच्या कॅप, नोझल, साउंडिंग पाइपची झाकणं, कपलिंग, भंगारात भाव येतो ते सगळं जातं. नोझल काढून आत ठेवायचे असतील तर कॅप्टनला विचारूनच, आणि कुठे ठेवलेत ते अख्ख्या क्रूला माहीत पाहिजे, आग लागल्यावर शोधत बसायचं नाही.

आणि कान उघडे ठेव. लहान बोटीच्या इंजिनाचा आवाज येतो, जवळ येतो, आणि मग मध्येच बंद होतो. आवाज लांब लांब जात विरला तर ठीक, पण जवळ येऊन एकदम तुटला की ती बोट तुझ्या सावलीत आली असं समज आणि टॉर्च घेऊन दोघांनी मिळून स्टर्नला जाऊन बघा. कधी कधी एका बाजूला सिगारेट, फळं विकायला बोट येते, सगळा क्रू त्या रेलिंगला, आणि दुसऱ्या बाजूने माल खाली उतरतोय. चितगावच्या अँकरेजला रोपांच्या चोऱ्या जुन्या आहेत, तिथे पोचायच्या आधीच तयारी ठेवा.

चोर दिसला तर अंगावर जायचं नाही. हॉर्न दे, जनरल अलार्म दे, सगळे लाइट लाव, व्हीएचएफवर ओरड. बहुतेक चोर आपण दिसलो एवढं कळलं की पळतात. त्याच्याकडे सुरा असतो आणि मागे पाण्याशिवाय जागा नसते, असा माणूस कोपऱ्यात धरला की वार करतो. रोप कंपनी नवीन देते.

बॅलार्डचा_बोर्डिंगवाला

बोसनकाकांनी डेकचं सगळं सांगितलं. मी शिप एजंटकडे बोर्डिंगला आहे, किनाऱ्याच्या बाजूचं लिहितो.

उद्या बोट इंदिरा डॉकमध्ये आली तर गेटवर सीआयएसएफ आहे, पास बघूनच माणूस आत येतो. म्हणून कितीतरी क्रूला वाटतं की गोदीच्या आत आलेला म्हणजे तपासलेला. तसं अजिबात धरू नको. पास म्हणजे त्याला गोदीत यायची परवानगी आहे, तुझ्या बोटीवर यायची नाही. आयएसपीएस कोड १ जुलै २००४ पासून लागू आहे आणि अगदी लेव्हल १ ला, म्हणजे एकदम नॉर्मल दिवसालासुद्धा, वर येणाऱ्याची ओळख आणि येण्याचं कारण तपासणं हे बोटीचं काम आहे. कारण पटलं नाही तर खाली थांबवायचं आणि आम्हाला फोन करायचा. आम्हाला राग येत नाही. रात्री तीनला फोन आलेला चालतो, सकाळी पोलीस स्टेशनला जायची वेळ आलेली जास्त त्रासाची.

माझ्याकडून एक रिक्वेस्ट, जॉईन झाल्यावर एजंटकडून दुसऱ्या दिवशी कोण कोण येणार त्याची यादी आदल्या संध्याकाळी मागून घेत जा. सर्व्हेअर, चांडलर (बोटीला सामान पुरवणारा), कचरा नेणारे, टेक्निशियन, सगळ्यांची नावं. यादी गँगवेला लावली की एबीला वाद घालावा लागत नाही, यादीत नाव आहे किंवा नाही, विषय संपला. आणि सरकारी माणूस असला, कस्टम्स इमिग्रेशन पोलीस, तरी ओळखपत्र बघायचं आणि रजिस्टरला नोंद करायची, अदबीने विचारलं तर कोणी खवळत नाही.

अँकरेजला हे सगळं पातळ होतं. लाँच आणि बार्ज थेट तुझ्या शिडीला लागतात, मध्ये गेट नाही की सीआयएसएफ नाही. त्यामुळे तिथे पहिलं गेट तूच आहेस. काम नसेल तेव्हा शिडी वर घेऊन ठेव, पाण्यापर्यंत लोंबकळत ठेवायची नाही.

चोरी झालीच तर. खूप कॅप्टन कळवतच नाहीत, चौकशी लागेल, बोट अडकेल, चार्टरर ओरडेल म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. पुढच्या महिन्यात त्याच जागी दुसरी बोट लुटली जाते आणि कागदोपत्री तिथे कधी काही घडलेलंच नसतं, मग पेट्रोलिंग कोण आणि कशाला वाढवेल? भारतात रीकॅपचा (आशियातल्या समुद्री चोऱ्या-दरोड्यांची माहिती देवाणघेवाण करणारी व्यवस्था) फोकल पॉइंट कोस्ट गार्ड आहे, त्यांच्याकडे रिपोर्ट गेला की तो बाकीच्या बोटींना इशारा म्हणून फिरतो. एक कायद्याचंही सांगतो, पोर्टच्या पाण्यात झालेली चोरी ही पायरसी नसते. पायरसी म्हणजे भर समुद्रातली, आणि आपला २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदासुद्धा भर समुद्रातल्या पायरसीसाठी आहे. इथे साधा चोरीचा नाहीतर दरोड्याचा गुन्हा, आणि मुंबई बंदरात त्यासाठी येलोगेट पोलीस ठाणं. तर आधी व्हीएचएफवर पोर्ट कंट्रोल, मग एजंट, आणि कंपनीचा सीएसओ (सिक्युरिटी ऑफिसर). कोस्ट गार्डचा १५५४ गँगवेच्या फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

पोलिसांना काय लागतं तर नेमकेपणा. किती वाजता शेवटचं पाहिलं, किती वाजता गायब दिसलं, रोप किती मीटरचा, कुठल्या मेकचा, सर्टिफिकेट नंबर काय. स्टोअरचे फोटो पोर्टला लागायच्या आधी मोबाईलवर काढून ठेवले तर हे पाच मिनिटांचं काम आहे, नाहीतर पंचनाम्याला अख्खा दिवस जातो.

अटलांटिकचा_चीफमेट

मी वेस्ट आफ्रिका बरंच केलंय, एसएसओ म्हणून. स्टोअवेचं मी लिहितो.

सर्चच्या वेळेवर सगळं अवलंबून आहे. बोट पोर्ट सोडायच्या आधी सापडला तर तो त्या पोर्टचा माणूस, एजंट आणि पोलीस येऊन उतरवून नेतात. सुटल्यावर सापडला की तो स्टोअवे, आणि तिथून पुढे तो तुमच्या बोटीचा. कागद नसतील, बहुतेकदा नसतातच, तर पुढचं पोर्ट उतरवून घेत नाही, त्याच्या पुढचंही घेत नाही, पीअँडआय क्लबचा (जहाजमालकांच्या विमा संस्थेचा) माणूस वकिलातीकडे खेटे घालत राहतो, आणि तो माणूस कित्येक आठवडे एका केबिनमध्ये बंद. त्याच्यासाठीही वाईट आणि तुमच्यासाठीही. म्हणून एक सर्च कार्गो संपल्यावर, सगळे कामगार उतरल्यावर, आणि एक शेवटचा, गँगवे उचलला की लगेच. धोक्याच्या पोर्टला आम्ही कॅप्टनला सांगून बाहेर अँकर टाकून तिसराही केलाय, किनारा जवळ आहे तोवर परत देणं सोपं असतं.

पद्धत अशी ठेवा की बोटीचे भाग पाडायचे आणि दोन दोन माणसांच्या टीम, एकट्याने कोणीच जायचं नाही. एक टीम फॉक्सलपासून मागे, एक पूपपासून (मागच्या टोकापासून) पुढे, एक इंजिन रूम आणि फनेल केसिंग. एकाच वेळी सुरू करायचं, नाहीतर लपलेला माणूस तपासलेल्या बाजूला सरकतो. तपासून झालेल्या दाराला नंबरचं प्लास्टिक सील, नंबर कागदावर. मग परत बघताना सील तुटलंय का एवढंच बघायचं. हाच तर वेळ वाचवण्याचा मार्ग आहे, पोर्टला असतानाच ज्या स्टोअरला काम नाही त्यांना कुलूप आणि सील करून टाकलं की सर्चला निम्मी बोट आधीच झालेली असते.

लपायच्या जागा, जिथे मला किंवा माझ्या ओळखीच्यांना सापडलेत: क्रेनच्या केबिन आणि क्रेनच्या पेडेस्टलच्या आत, लाइफबोटीत, चेन लॉकरमध्ये, ताडपत्रीखाली, हॅच कोमिंगच्या (हॅचच्या उंच काठाच्या) कडेला डनेजच्या (माल टेकवायच्या लाकडांच्या) मागे. आणि रडर ट्रंक (सुकाणूच्या वरची पोकळी). ही जागा बल्क कॅरिअरवाल्याने विसरायचीच नाही. बोट रिकामी असली की स्टर्न पाण्याबाहेर वर येतो, रडरच्या वर पोकळी उघडी पडते आणि छोट्या होडीतून आलेला माणूस सरळ तिथे चढून बसतो, गँगवेचा आणि त्याचा संबंधच येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये लागोसहून निघालेल्या अलिथिनी दोन नावाच्या टँकरच्या रडरवर तीन माणसं बसून कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासला पोचली, ११ दिवस, पाय पाण्याच्या वर जेमतेम. तो फोटो बघितला नसेल तर शोधून बघ आणि तुझ्या क्रूलाही दाखव, त्यानंतर कोणी स्टर्न चेक करायला कंटाळा करत नाही. बरेच ओनर आता त्या पोकळीला लोखंडी गज किंवा जाळी लावून घेतात. तुमच्या बोटीला आहे का ते पहिल्याच दिवशी विचार. नसेल तर निघायच्या आधी पायलट बोटीला किंवा टगला विनंती करायची, मागून एक चक्कर मारा आणि टॉर्च टाकून बघा.

होल्डमध्ये आणि बंद जागेत शोधताना जीव सांभाळा. कोळसा असलेल्या होल्डमध्ये हवा बदललेली असते, लाकडाच्या कार्गोत ऑक्सिजन कमी होतो, धान्याला धूर दिलेला असेल तर फॉस्फीन. परमिट आणि गॅस मीटरशिवाय कोणालाही आत उतरवायचं नाही, घाई कितीही असो. आणि हॅच बंद करायच्या आधी मोठ्याने हाका मारा, इंग्लिश, फ्रेंच, पोर्तुगीज, जे येईल त्यात, की इथे गॅस आहे, मराल, बाहेर या. मी मारलेल्या हाकेला एकदा उत्तर आलंय, दोन पोरं, विशीतली असतील, थरथरत बाहेर आली. त्यांना किनाऱ्यावर दिलं. ती आतच राहिली असती तर पुढच्या पोर्टला हॅच उघडताना काय मिळालं असतं ते मला सांगायला नको.

डर्बनला एजंटमार्फत कुत्री घेऊन सर्च करणारे येतात, कंपनी खर्च करत असेल तर नक्की घ्या.

अरबी_समुद्र_७७

एवढं लाडाने कशाला करायचं? फुकट प्रवास करायला चढतात, क्रूचा पगार कापला जातो, पोर्ट दंड लावतं. सापडले की एक ड्रम आणि फळ्या देऊन किनारा दिसेल तिथे उतरवून टाकायचं, जातील पोहत. पूर्वी करायचेच की लोक.

अटलांटिकचा_चीफमेट

हे वाचून शांत बसवत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. पूर्वी करायचे आणि त्याला खून म्हणतात. १९९२ साली एमसी रुबी नावाच्या बोटीवर क्रूने आफ्रिकेतून चढलेल्या स्टोअवेंना मारून समुद्रात फेकलं, त्यातला एक जण लपून वाचला आणि फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात उतरून पोलिसांपर्यंत गेला. कॅप्टन आणि चीफ मेटला फ्रेंच कोर्टाने जन्मठेप दिली. फळ्यांच्या तराफ्यावर सोडणं यात आणि त्यात काहीही फरक नाही, आणि थर्ड मेट इथे पहिल्यांदा जातोय, त्याच्या डोक्यात असलं काही घालू नका.

थर्ड मेट, तुझ्यासाठी. सापडला तर आधी कॅप्टनला सांग. झडती दोघांनी घ्यायची, हत्यार, काडेपेटी, ड्रग्ज आणि कागद शोधायचे, कपड्यांच्या अस्तरात आणि बुटांतही बघायचं, कागदाचा एखादा तुकडा सापडला तरी तो कोणत्या देशाचा हे कळलं तर घरी पाठवणं सोपं होतं. एकापेक्षा जास्त असतील तर वेगवेगळे ठेवायचे आणि वेगवेगळे विचारायचे. तो जिथे सापडला त्या जागेचाही फोटो, आणि तिथे परत शोध घ्यायचा कारण एक सापडला की बऱ्याचदा दुसरा असतो. कपडे, जेवण, पाणी, औषध, आंघोळ, सगळं द्यायचं. केबिन बाहेरून बंद, पण आग लागली तर त्याला काढायची जबाबदारी कोणाची हे मस्टर लिस्टला (आणीबाणीत कोणी काय करायचं त्या यादीत) लिहून ठेवायचं. त्याला कामाला लावायचं नाही. चिपिंग करायला दिलं की तो क्रूचा माणूस झाल्यासारखा डेकवर फिरतो, पडला झडला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. मैत्रीही जास्त नको आणि दमदाटी तर मुळीच नको. आश्रय हवा म्हणाला तर ते त्याच्याच शब्दांत लिहून कंपनीला कळवायचं, त्याच्या देशाच्या लोकांना आपण होऊन सांगायचं नाही, तो कशापासून पळालाय ते आपल्याला माहीत नसतं.

पगार कापण्याबद्दल. स्टोअवेचा खर्च साधारण पीअँडआय क्लब उचलतो, आणि क्लब पहिली गोष्ट मागतो ती म्हणजे सर्च केल्याची नोंद. लॉगबुकात वेळ, टीम, भाग, सील नंबर सगळं असेल तर कोणी क्रूकडे बोट दाखवू शकत नाही.

ट्रॉम्बेचा_नाखवा

मी बोटीवरचा नाय, मासेमारीवाला आहे, ट्रॉम्बे कोळीवाडा. हा धागा दिसला म्हणून लिहितो.

तुमच्या मोठ्या बोटी अँकरला उभ्या असतात तिथे आसपास आमची जाळी असतात, भरती ओहोटीचा टाइम सांभाळून रात्री बेरात्री आम्हाला जावंच लागतं. तुमचा माणूस वरून सर्चलाइट सरळ डोळ्यात मारतो, आम्हाला पुढचं काहीच दिसत नाय, जाळं तुमच्या चेनीत नायतर प्रोपेलरला गेलं तर आमचा सीझन गेला. चोर असतात, आम्ही नाकारत नाय, पण प्रत्येक होडी चोराची नसते. आमच्या बोटीवर आयएनडी एमएच करून नंबर रंगवलेला असतो, खलाशांकडे कार्ड असतं. लाइट नंबरावर मारा, तोंडावर मारू नका. नंबर नसलेली, जाळं नसलेली, चार पाच माणसं नुसतीच बसलेली होडी दिसली तर ती खुशाल कळवा, आम्हीपण १०९३ ला कळवतो.

२६/११ ला ते लोक आमच्याच समुद्रातून आले, कुबेरवरच्या खलाशांना मारून. मच्छीमार नगरला उतरले तेव्हा पहिलं हटकलं ते तिथल्या वस्तीतल्या माणसांनी. पाण्यावर कोण नवीन आहे ते आम्हाला तुमच्या आधी कळतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, जून जुलैत, तेव्हा रात्री इंजिनाची होडी तुमच्याजवळ घुटमळत असेल तर मात्र नीट बघा.

डोंबिवलीचा_थर्डमेट

नाखवा, लाइटचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, एबी लोकांना नक्की सांगेन. बोसनकाका फळीची आयडिया करणारच, कार्पेंटर नाहीये पण फिटर आहे. चीफ मेट सर, तुमचा मेसेज स्क्रीनशॉट काढून ठेवला.

एकच अडलंय. हे सगळं करायला माणसं लागतात. अँकरेजला बार्ज चोवीस तास लागतायत, डेकवर तीन एबी आणि दोन ओएस, हॅच उघडबंद, बार्जची लाइन, मध्येच बॅलास्ट, आणि वर गँगवे आणि राउंड. उतरणारा थर्ड मेट म्हणतो एबी गँगवेच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपतो आणि त्याला उठवावंसं वाटत नाही इतका तो दमलेला असतो. किनाऱ्यावरचा वॉचमन मागितला होता, ऑफिसने बजेट नाही सांगितलं. रेस्ट अवर्सच्या शीटवर मात्र सगळ्यांचे दहा तास भरलेले आहेत. मी नवीन आहे, पहिल्या आठवड्यात हे बोललो तर काय होईल?

दापोलीचा_बोसन

त्या एबीला दोष नाही. खुर्ची काढून टाक गँगवेवरून हे पहिलं, आणि दर दोन तासांनी गँगवे आणि राउंडवाला यांची अदलाबदल कर, चालणारा माणूस जागा राहतो. रात्री एकदा तू स्वतः चहा घेऊन खाली जा, वेळ ठरवून जाऊ नको. राउंडची वेळही रोज तीच ठेवू नको, चोर दोन रात्री नुसता बघत बसतो आणि तिसऱ्या रात्री राउंडवाला पुढे गेला की मागे चढतो.

आणि बार्ज बदलताना जो अर्धा पाऊण तास मिळतो तेव्हा सगळ्यांना हॅचवर उभं ठेवू नको. दोघांना झोपायला पाठव.

अटलांटिकचा_चीफमेट

बोलायचंच, पण चीफ मेटमार्फत, आणि कागदावर. चोवीस तासांत १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती हा नियम आहे, त्यात सोय अशी काही नाही. खोटी शीट तू भरू नको आणि तुझ्या वॉचच्या माणसांनाही भरायला सांगू नको, उद्या चोरीच्या वेळी कोणी जखमी झाला तर चौकशीत पहिली तीच शीट मागतात आणि त्यावर सही तुझी असते.

ऑफिसला माणसं कमी आहेत असं लिहिलं तर उत्तर येतं सगळ्या बोटींना तेवढीच आहेत. त्याऐवजी चीफ मेटला असा मेल करायला सांग: अमुक तारखेपासून बार्ज चोवीस तास, अमुक रात्री शिडी आणि स्टर्न दोन्ही एकाच वेळी बघायला माणूस नव्हता, मागच्या पोर्टला अमुक वस्तू गेल्या, त्यात अग्निशमनाचं सामान होतं, शिप सिक्युरिटी प्लॅनमध्ये लिहिलेला वॉच सध्याच्या माणसांत आणि रेस्ट अवर्स पाळून लावता येत नाही, म्हणून रात्रीसाठी किनाऱ्यावरचे दोन वॉचमन एजंटमार्फत मंजूर करावेत. सीएसओला आणि डीपीएला (कंपनीत सेफ्टीची जबाबदारी असलेला माणूस) कॉपी. प्लॅन पाळता येत नाही असं एसएसओने लेखी कळवलं की सीएसओला ते बजेट नाही म्हणून सोडता येत नाही, पोर्ट स्टेटवाला (बंदरात बोट तपासणारा सरकारी इन्स्पेक्टर) आला तर तोच मेल बघेल हे त्यालाही माहीत असतं. रोपाची आणि पितळी कॅपची किंमतही खाली लिही, दोन वॉचमनचा आठवड्याचा खर्च त्यापुढे काहीच नसतो.

वॉचमन आले तर त्यांना गँगवेला एकटे सोडायचं नाही, आपल्या एबीबरोबर उभे करायचे आणि स्टर्नला आपला माणूस. मंजूर नाही झाले तर चीफ मेटने कॅप्टनला विचारून रात्री एका वेळी एकच बार्ज घ्यायची, दोन्ही बाजूंना दोन लावायच्या नाहीत. कार्गो थोडा मंदावेल, चार्टरर विचारेल, त्याला तोच मेल दाखवायचा.

बॅलार्डचा_बोर्डिंगवाला

वॉचमनचा रेट आणि पाससाठी लागणारे कागद मी आधीच काढून देतो, मेलला जोडलं की ऑफिसला नुसतं हो म्हणायचं उरतं. लाँचला बसायच्या आधी मला इथे मेसेज टाक. वॉचमनचे पास निघायला एक दिवस जातो, त्यामुळे शुक्रवारच्या आत कळव, शनिवार रविवार मध्ये आला की सोमवारवर जाईल.